नत्राची राखण

मी आयुष्यात नोकरी एकदाच केली. दीड वर्ष केली. काम एवढंच होतं की जंगलात दोरीने आखलेल्या चार चौकटींमध्ये कोणी मुतू नये. माणसाने नाही, बकरीने नाही, कुत्र्याने नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं म्हातारी थट्टा करते. मला थट्टा येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले आणि तेवढ्यात ती शिकवत नव्हते.

आमचं गाव अमरावतीपासून एसटीने तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी. एका बाजूला काळी जमीन, कपाशी आणि तूर. दुसऱ्या बाजूला गाव संपतं तिथेच जंगल सुरू होतं. वाघाचं जंगल नव्हे. साग, खैर, पळस, धावडा, आणि खाली पाय टाकायला जागा नाही इतके काटे. आमचं वावर या जंगलाला लागून, म्हणून मी दिवसभर तिकडेच.

त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव रोज पेपरात यायचं. पीक जात होतं, माणसं जात होती, आणि ते पाहायला गाड्या येत होत्या. आमच्या गावात तसं काही घडलं नव्हतं. घडलं होतं पलीकडच्या गावात. पण तिकडचा रस्ता वाईट आणि आमचा बरा, म्हणून गाड्या आमच्याकडे वळायच्या. साहेब उतरायचे, तोंड पाडून चौकशी करायचे आणि चहा पिऊन जायचे. सरपंचाने बायांना ठरवून दिलं होतं की गाडीची वर्दी आली की झाडू, सडा, सारवण, रांगोळी. दुःख पाहायला आलेल्या माणसाला अंगण तरी नीट दिसलं पाहिजे. आम्ही इतक्या तयार झालो होतो की रस्त्यावर धूळ दिसली की हात आपोआप शेणाच्या टोपल्याकडे जायचा. एकदा गॅसच्या टाक्या घेऊन आलेल्या टेम्पोसाठी अर्ध्या गावाने सडा टाकला. ड्रायव्हरने उतरून नमस्कार केला.

अशात एक दिवस अकोल्याहून एक मुलगी आली. पंचवीस-सव्वीसची, चष्मा लावलेली, पाठीवर पिशवी, पायात पुरुषी बूट. एसटीने आली, म्हणून तिच्यासाठी कोणी सडा टाकला नाही. सरपंचाने तिला ओट्यावर बसवलं आणि नेहमीचं सुरू केलं.

"चहा घ्या मॅडम. मंग आमच्या गावाचं दुःख सांगतो."

"दुःख नको हो काका," ती म्हणाली. "मला माती पाहिजे. जंगलातली."

सरपंचाचा चेहरा पडला. त्याचं सगळं पाठ होतं.

ती अकोल्याच्या एका कॉलेजात मोठ्या डिग्रीचा अभ्यास करत होती. विषय होता, जंगलात नत्र कसं फिरतं. तिला दोन चौकटी सागाखाली पाहिजे होत्या आणि दोन खैराखाली. सागापेक्षा खैराखालच्या मातीत नत्र जास्त असतं, हे तिला दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी चौकटींवर लक्ष ठेवणारं आणि रोज वहीत चार ओळी लिहिणारं माणूस हवं होतं. गावात जास्त शिकलेले खूप होते. पण ते जास्त शिकलेले असल्यामुळे झाडाखाली बसायला तयार नव्हते. म्हणून मी.

तिचं घाईचं कारणही मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण मी विचारलं. दर्यापूरच्या एका कॉलेजात शिकवायची जागा तिच्यासाठी ठेवली होती. त्यांनी सांगितलं होतं, पुढच्या वर्षी दिवाळीपर्यंत डिग्रीचं पुस्तक लिहून दे आणि ये, नाही तर दुसरं कोणी पाहू. तिची आई दर्यापूरलाच राहायची, एकटी, गुडघ्यांनी अधू. बाकी तिला कोणी नव्हतं.

"म्हंजे हे मुताचं काम दिवाळीलोक संपलं पाह्यजे," मी म्हटलं.

"नत्राचं, मावशी."

"तेच ते."

तेच ते होतं. मुतात नत्र असतं, शेणात असतं, लेंड्यांत असतं. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. युरियाचं पोतं नाकाशी नेलं की कळतं. पण बाकीचं मला नवीन होतं, आणि ते ती दुपारी भाकर खाताना सांगायची. तिच्या डब्यात रोज पोळी आणि बटाटा. माझी भाकर आणि ठेचा ती खायची, तिचा बटाटा मी खायचे.

ती सांगायची की आपल्या भोवतीची हवा नत्रानेच भरलेली आहे, पण झाडाला ती घेता येत नाही. लग्नाच्या मांडवात उभं राहायचं, वास सगळा घ्यायचा, पण पंगतीत पान वाढलेलं नाही, असं झाडाचं आहे. खैराची गोष्ट वेगळी. त्याच्या मुळांना बारीक गाठी असतात. तिने उकरून दाखवल्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. त्या गाठींत जंतू राहतात. ते हवेतलं नत्र ओढून झाडाला देतात आणि झाड त्यांना गोड रस देतं.

"जंतू म्हंजे भाडेकरू," मी म्हटलं.

"हो. पण भाडं वेळेवर देणारे."

"मंग ते आपल्या भागातले नाहीत."

मग पानं गळतात. पान खाली पडलं की बुरशी धरते, उधई म्हणजे वाळवी खाते, गांडूळ ओढून नेतं, जंतू बसतात, आणि पानातलं नत्र मातीत उतरतं. तिथून पुन्हा मुळांना मिळतं. थोडं पावसाच्या पाण्याबरोबर नाल्याला जातं. पाणी साचून राहिलं तर थोडं परत हवेत उडून जातं. म्हणजे निघालं तिथेच पोचलं. मला हे ऐकून माझ्या भासऱ्यांची, म्हणजे मोठ्या दिरांची आठवण झाली, ते असेच दरवर्षी मुंबईला जायचे आणि घरी परत यायचे.

सागाबद्दल तिने सांगितलेलं मला सगळ्यात पटलं. साग पान गाळायच्या आधी त्यातलं नत्र आत ओढून घेतो आणि मग कोरडं पान टाकतो. मी म्हटलं, हा तर सून माहेरी निघाली की अंगावरचे दागिने उतरवून घेणाऱ्या सासूसारखा झाला. खैर तसा नाही. त्याला भाडेकरूंकडून रोजचं मिळतं, म्हणून तो भरलेलं पान तसंच टाकून देतो. उधळ्या.

आमच्या घरच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हे ऐकलं तेव्हा ते तालुक्याला युरियाच्या लाइनीत दिवसभर उभं राहून रिकाम्या हाताने परत आले होते. त्यांनी तिला सरळ विचारलं, "हवेत एवढं नत्र आहे तर मले लाइनीत काहून उभं केलं बाप्पा?"

ती म्हणाली, "काका, कपाशीच्या मुळाला गाठी नसतात."

"मंग कपाशी काहून लावतो आपण?"

यावर तिने डब्यातला बटाटा त्यांच्यापुढे केला. गाड्यांतून आलेल्यांनी तेवढंही केलं नव्हतं.

तर राखण. चौकटी वीस-वीस पावलांच्या. प्रत्येकीत मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या ठेवलेल्या, त्यांत मोजून पानं भरलेली. पानं किती कुजली हे पाहायला ती मधूनमधून एकेक पिशवी उचलायची, ब्रशने माती झटकायची आणि तोलायची. शिवाय जमिनीत पांढरे पाइप ठोकलेले, बोटभर वर आलेले, आत माती बंद. वर हवेला छिद्र असलेलं झाकण. महिन्या-दीड महिन्याने ती जुने पाइप उपटून न्यायची आणि नवे ठोकायची.

पहिली अडचण सरपंचाची आली. खैराची एक चौकट बरोबर त्याच्या रोजच्या जागेवर होती. तो सकाळी टमरेल घेऊन आला तेव्हा मी दोरीपाशी काठी घेऊन बसले होते.

"बाजूले हो वं."

"दोरीच्या आत नाही."

"माह्या बापापासून आमी इथंच बसतो."

"तुमच्या बापाच्या वेळेस वही नव्हती. तुमचं मी लिहीन."

"काय लिहिशीन?"

मी पेन काढलं. तो पंचवीस पावलं पुढे गेला आणि तिथून मला शिव्या दिल्या. मी वहीत लिहिलं, "सकाळ. सरपंच. दोरीच्या बाहेर. वारा आतल्या बाजूला." ती मुलगी पुढच्या आठवड्यात वही वाचत होती आणि एकदम इतकी हसली की चष्मा पडला. पण तिने ते खोडलं नाही. म्हणाली, असंच लिहीत जा मावशी, काही सोडू नका. तेव्हापासून मी काही सोडलं नाही. कोणत्या दिवशी कोणता कुत्रा कोणत्या झाडाशी थांबला, तेही आहे.

दुसरी अडचण खालाची. खाला म्हणजे आमच्या गल्लीतली म्हातारी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, नवरा पिंजारी होता तो गेलेला. तिच्या अकरा बकऱ्या होत्या आणि अकराही चोर. ती अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी बोलायची आणि शिव्या दोन्हींत द्यायची. तिच्या काळ्या बकरीने एकदा दोरीखालून जाऊन एक पिशवी खाल्ली. पानं, मच्छरदाणी, चिठ्ठी, सगळं.

मुलगी रडवेली झाली. मग तिने खालाला विचारलं, बकरी दोन दिवस बांधून ठेवता का, लेंड्या गोळा करून देता का, काही नाही तर तपासून तरी पाहू.

खाला आधी तिच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"काय वं बाई, ये लडकी होश में है ना?"

"डिग्रीचं काम आहे."

"लेंडी की डिग्री?"

"तसंच समज."

खालाने दोन दिवस बकरी बांधली आणि लेंड्या धुतलेल्या डब्यात आणून दिल्या. वर फडकं बांधलं होतं, जसा खिरीचा डबा. गावभर सांगत फिरली, "मेरी काली अकोले के कॉलेज में लग गई." पुढे गल्लीत कोणी आपल्या पोराच्या मार्कांची बढाई मारली की खाला त्या बकरीचं नाव काढायची.

असं दीड वर्ष गेलं. उन्हाळा सरत आला होता. पाइपांतल्या मातीचा शेवटचा तपास आणि पिशव्यांचं शेवटचं वजन राहिलं होतं. तेवढं झालं की ती लिहायला बसणार होती. आणि तेव्हाच किराणा दुकानातल्या फोनवर तिचा निरोप आला. मी स्वतः बोलले.

"मावशी, उद्या सकाळी आमचे सर येतात. त्यांच्यासोबत बाहेरचे परीक्षक आहेत, मोठे. ते चौकटी पाहणार, त्यांच्यासमोर माती काढायची आहे. तुम्ही फक्त राखण करा."

"गाडीनं येतात?"

"हो, जीपने."

गाडीचं तिने सांगायला नको होतं, आणि मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

आता पुढचं मी कोणावर ढकलत नाही. मी पहाटे उठले. गोठ्यातून दोन टोपली शेण घेतलं, दोन बादल्या, खराटा. खाला बकऱ्या सोडत होती, तिलाही हाक मारली. दोघी जंगलात गेलो आणि खैराच्या दोन्ही चौकटी झाडून काढल्या. खैराची पानं म्हणजे तिळाएवढी, खराट्याला येत नाहीत, म्हणून काही जागी मी हाताने वेचली. मग सडा टाकला. कडेने आणि मधोमध पोतेरं फिरवून सारवलं. खालाने दोरीच्या चारी कोपऱ्यांना चुन्याचे ठिपके दिले. तिला रांगोळी येत नव्हती, पण ठिपके तिने सरळ दिले.

मध्येच ती थांबली होती. म्हणाली, "ए बाई, इसमें गोबर चलता क्या? तू तो मेरी बकरी को मुतने नहीं देती."

मी म्हटलं, "हा सडा आहे. खत थोडीच आहे."

"हां," खाला म्हणाली. "वो तो अलग."

आम्हा दोघींच्या डोक्यात ही दोन शेणं वेगळी होती. उकिरड्यात गेलं ते खत, अंगणात आलं ती स्वच्छता. सत्तर वर्षं खालाच्या आणि साठ माझ्या डोक्यात ती कधी एकमेकांना भेटली नव्हती. एका शेणात नत्र आहे हे मला दीड वर्ष माहीत होतं. दुसऱ्यात असेल असा विचारच आला नाही.

पिशव्यांचंही तसंच. चारही चौकटींतल्या पिशव्या मातीने माखल्या होत्या. मुलगी वजन करण्याआधी माती झटकायची. मी विचार केला, ब्रशने किती झटकणार, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. म्हणून पानं आतच ठेवून एकेक पिशवी बादलीत खळाखळा धुतली आणि चौकटीच्या दोरीवर ओळीने वाळत घातली. पाण्याबरोबर नत्र वाहून जातं हे तिनेच सांगितलं होतं. पण ते पावसाचं पाणी. हे माझ्या बादलीचं.

सागापर्यंत शेण पुरलं नाही. तिकडची जमीन नुसती पाहून सोडली.

जीप आली तेव्हा नऊ वाजले असतील. पुढे तिचे सर, बारीक आणि घामेजलेले. मागून परीक्षक, उंच, पोट सुटलेले, पांढरा शर्ट. शेवटी ती. झाडीतून वळून ते खैरापाशी आले आणि थांबले. समोर जंगलाच्या मधोमध दोन हिरवीगार सारवलेली अंगणं, कोपऱ्यांना चुना, दोरीवर ओळीने मच्छरदाणीच्या पिशव्या, पताकांसारख्या.

परीक्षकांनी काय केलं असेल? त्यांनी बूट काढले. आपल्याकडच्या माणसाला सारवलेल्या जागेवर बूट नेता येत नाहीत, मग तो कितीही शिकलेला असो. त्यांना पाहून सरांनीही काढले. दोघं मोज्यांवर आत गेले आणि हळू आवाजात परीक्षकांनी विचारलं, "देवस्थान आहे का इथे?"

"नाही सर," सर म्हणाले. "हा आमचा तीन नंबरचा प्लॉट."

मुलगी दोरीबाहेरच उभी होती. ती खाली बसली, बोटाने जमीन खरवडली, वास घेतला.

"मावशी, हे काय?"

"सडा."

"कुठंकुठं?"

"खैराच्या दोन्हीत. सागाले शेण पुरलं नाही."

मी हे बोलले आणि बोलता बोलता मला कळलं. खाला माझ्यामागे उभी होती, ती बकरी शोधायच्या निमित्ताने निघून गेली.

परीक्षकांना अजून काही कळलं नव्हतं. ते म्हणाले, "चला, घ्या इथली माती." तिचे सर वाकून तिच्या कानाशी बोलले, पण माझे कान तेव्हा चांगले होते. "वरचा थर काढ, खालची घे. नत्र जास्तच येईल, आपल्याला तेच दाखवायचं आहे."

ते खरं होतं. तिने गप्प राहून माती भरली असती तर खैर जिंकला असता, आणि दिवाळीपर्यंत ती दर्यापूरला. ती सरांकडे पाहत राहिली. मग उभी राहिली.

"सर, दीड वर्ष मी एका बकरीचं मूत सोडलं नाही," ती मोठ्याने म्हणाली. "आता दोन चौकटीभर शेण कुठं लपवू?"

परीक्षकांनी पायाखाली पाहिलं. मग मोज्यांकडे.

"आणि ह्या पिशव्या?"

"धुतल्या," मी म्हटलं.

"का?"

"मळल्या होत्या."

मुलीने तोंडावर हात धरला. ती हसते की रडते ते मला कळेना. मला वाटतं तिलाही कळत नव्हतं. सर एका दगडावर बसले आणि म्हणाले, पानांचा सगळा भाग गेला, म्हणजे आणखी एक वर्ष. एक वर्ष म्हणजे दर्यापूर गेलं, हे माझ्याइतकं त्या जंगलात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. फक्त तिला.

तेवढ्यात परीक्षकांना काटा लागला. खैराचा काटा वाकडा असतो, मोज्यात शिरला की निघत नाही. ते एका पायावर उभे राहून तो काढायला वाकले आणि तिथून त्यांना दिसलं.

"ह्या वाट्या कशाच्या?"

सारवलेल्या जमिनीवर जागोजागी स्टीलच्या वाट्या उपड्या होत्या, शेण उडून जमिनीसारख्याच हिरव्या झालेल्या. घरातल्या सगळ्या आणल्या होत्या, खालाच्या दोन.

"पाइपांवर झाकल्या," मी म्हटलं. "पोरीचे पांढरे पाइप. झाकणाले छिद्र आहे, शेण उडालं असतं आत. तिले घाण आवडत नाही."

मुलगी धावत आत आली, बुटांसकट. तिने पहिली वाटी उचलली. पाइप पांढराशुभ्र. दुसरी उचलली. तोही. एकेक उचलत गेली. मग गुडघ्यांवर बसून एक पाइप उपटला आणि माती तळहातावर ओतली. कोरडी, भुसभुशीत. तिने ती परीक्षकांच्या नाकाखाली धरली. त्यांनी वास घेतला, एका पायावर उभं राहूनच.

"ही माती चालेल," ते म्हणाले.

सरांनी दगडावरून विचारलं, "पण पानांचं काय?"

परीक्षक माझ्याकडे वळले. "बाई, शेण किती घातलं, ते सांगता येईल?"

"लिहिलं आहे."

मी वही दिली. सवयीने पहाटेच लिहिलं होतं. "पहाट. सडा. शेण दोन टोपली, काळ्या गाईचं, ताजं. पाणी दोन बादल्या. खैर एक आणि दोन. साग नाही. वारा नाही." त्यांनी ते वाचलं, मागची पानं चाळली, मध्येच सरपंचापाशी थांबले आणि त्यांचं पोट हलायला लागलं. बराच वेळ हललं. मग ते मुलीला म्हणाले की पानांचा भाग गेला तो गेला. त्याच्या जागी या शेणाचा पिच्छा पुरवा. चार महिने पाऊस आहे. हे नत्र कुठेकुठे जातं ते लिहा.

तिने पुरवला. पावसाळाभर ती दर आठवड्याला आली, चिखलात बसून शेणाचा शोध घेतला. थोडं उडून गेलं, थोडं नाल्याला लागलं, खैराने फारसं तोंड लावलं नाही, त्याला घरचं होतं. सगळ्यात जास्त खाल्लं तरोट्याने, म्हणजे पावसाळी टाकळ्याने. सारवलेल्या जागी तरोटा असा आला की खाला भाजी तोडायला विळा घेऊन आली. तिला मी हाकललं, आणि तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. वाट्याही परत मागितल्या.

खैराच्या पाइपांतल्या मातीने सागाला हरवलं. खैराखाली नत्र जास्त निघालं, बिनशेणाचं.

पुस्तक दिवाळीला नाही झालं, संक्रांतीला झालं. दर्यापूरची जागा तरी तिलाच मिळाली. तिची वाट पाहिली असं ती म्हणते. मला वाटतं दुसरं कोणी गेलं नसेल. तिने पुस्तकाची एक प्रत मला आणून दिली. इंग्रजीत आहे, मला काय कळणार. एका पानावर तिने बोट ठेवून मराठीत वाचून दाखवलं. त्यात लिहिलं आहे, "प्रयोगाच्या अखेरीस चौकट तीन व चार येथे स्थानिक मानवी हस्तक्षेप झाला." तो हस्तक्षेप मी. बकरीचा उल्लेख वेगळा आहे, तिला पूर्ण ओळ आहे. खालाला मी हे सांगायला नको होतं.

मी एकदाच दर्यापूरला तिच्याकडे गेले. अमरावतीहून एसटी, मग पाय अवघडले म्हणून ऑटो. कळवून गेले होते. दारात पोचले तर अंगणात सडा टाकलेला, रांगोळी काढलेली. तिची आई दारात उभी, गुडघ्यावर हात ठेवून, म्हणाली, सकाळपासून हिनेच केलं, मला हात लावू दिला नाही.

मी चपला काढल्या आणि खाली पाहिलं. सगळं पाणी, शेणाचा नुसता रंग. सुकलं की धूळ उडणार होती.

"कसा झालाय मावशी?" तिने विचारलं.

"नत्र कमी आहे," मी म्हटलं, आणि बादली कुठे आहे ते विचारलं.